ट्रेलरच्या छताची शाकारणी: गळती शोधायची कशी, बुजवायची कशी

ऑक्टोबरात सिएटलच्या आसपास पाऊस लागला की वसंतापर्यंत पाठ सोडत नाही. आपल्याकडच्या आषाढासारखा तो कोसळत नाही, दिवसचे दिवस नुसता झिमझिमत राहतो. ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, छताला मोठ्या सरीपेक्षा हाच पाऊस जास्त बाधतो. मोठी सर निदान वाहून जाते. झिमझिम पाणी स्क्रूच्या डोक्याशी, सीलंटच्या (जोड बुजवायच्या लेपाच्या) बारीक चिरेशी तासन्‌तास बसून राहतं आणि हळूहळू आत मुरतं.

आमचा ट्रेलर २२ फुटी, जुना घेतलेला. घेताना आम्ही गाद्या पाहिल्या, शेगडी पेटवून पाहिली, चाकं पाहिली. छतावर कुणी चढलं नाही. पहिला हिवाळा संपल्यावर बायकोने पलंगाच्या डोक्याकडचं कपाट पुसायला घेतलं आणि मला हाक मारली. कपाटाच्या मागच्या प्लायला तिने बोट लावलं होतं आणि बोट आत रुतलं होतं, ओल्या पुठ्ठ्यात रुतावं तसं. बाहेरून त्या भिंतीवर डागसुद्धा नव्हता. तुम्ही नुकताच ट्रेलर घेतला असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कोकणात कौलारू घराची शाकारणी दर वर्षी पावसाआधी होते. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली सारखी करायची, पन्हळी साफ करायच्या. घर गळायची वाट कुणी बघत बसत नाही. ट्रेलरच्या छताकडे त्याच नजरेने बघायला हवं. ते स्लॅबसारखं एकसंध नसतं. सगळ्यात वर रबराची किंवा प्लास्टिकची पातळ चादर, तिच्याखाली प्लाय, त्याखाली लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या, मध्ये इन्सुलेशन आणि शेवटी आतलं पातळ छत. झाडाची फांदी घासून फाटली नसेल तर चादर स्वतः सहसा गळत नाही. गळतं ते तिला पाडलेल्या भोकांशी: हवेचे व्हेंट, एसी, शॉवरवरचं स्कायलाइट, सांडपाण्याच्या टाक्यांचे हवेचे पाइप, टीव्हीचा अँटेना, फ्रिजची चिमणी, सोलरच्या वायरी आत शिरतात ती जागा. शिवाय पुढच्या आणि मागच्या टोकाचे आडवे जोड, आणि दोन्ही बाजूंच्या कडांवरच्या लांब पट्ट्या. हे सगळं हायवेवर ताशी ६० मैलांच्या वेगाने हादरत जातं. उन्हात प्रसरण पावतं, थंडीत आकसतं. सीलंटला चिरा पडणारच. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर ३ महिन्यांनी छत तपासा असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. निदान वर्षातून दोनदा तरी वर जाच.

आधी आत बघा

शिडी लावायच्या आधी आत जा. दोन दिवस बंद ठेवलेल्या ट्रेलरचं दार उघडलं की पहिला श्वास नीट घ्या. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा असतो तसा कोंदट वास आला, तर कुठेतरी ओल आहे असं धरून चला.

मग हाताने तपासा. कपाटांच्या आतले कोपरे, व्हेंटच्या आतल्या चौकटीभोवती, एसीभोवती, पुढच्या आणि मागच्या भिंतीचे वरचे कोपरे, पलंगाखालचे जमिनीचे कोपरे. तळहाताने दाबत जा. कडक लागलं तर ठीक. दबलं, करकरलं किंवा वॉलपेपरखाली फुगा जाणवला, तर तिथे पेन्सिलने खूण करा. चहाच्या डागासारखे पिवळट गोल दिसले तर ती जुनी गळती असते. ती बंद झाली असेल किंवा नसेल, नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

त्यासाठी ओल मोजायचं छोटं यंत्र घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ३०-४० डॉलरला मिळतं आणि या सगळ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. कोरडी प्लाय साधारण १० ते १५ टक्के दाखवते. २० च्या वर गेली की संशय घ्यायचा. एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नका. हातभर अंतराने मोजत जा आणि आकडे भिंतीवर मास्किंग टेपच्या तुकड्यांवर लिहून चिकटवा. थोड्या वेळात ओलीचा नकाशा समोर उभा राहतो.

एक फरक इथेच करून टाका. थंडीत चार माणसं आत झोपली, वर गॅसवर चहा झाला, तर छताच्या स्क्रूंवर आणि काचांवर थेंब जमतात. ती आतली वाफ असते. ते थेंब पाऊस नसतानाही येतात, सगळीकडे सारखे येतात आणि खिडकी थोडी उघडली की कमी होतात. गळती एका जागी असते आणि पावसानंतर वाढते. हा फरक न करता सीलंटच्या नळ्या रित्या करणारे लोक मी पाहिलेत.

डाग दिसतो तिथे भोक नसतं

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. आम्हीही केली. कपाटात ओल सापडली म्हणून मी कपाटाच्या बरोबर वरचा पुढचा जोड नवा केला. पुढच्या पावसात ओल जशीच्या तशी. खरं भोक होतं अँटेनाच्या बुडाशी, जवळपास ६ फूट मागे. आमचा ड्राइव्हवे उताराचा, ट्रेलरचं नाक खाली. पाणी अँटेनाच्या स्क्रूतून आत शिरायचं, प्लाय आणि इन्सुलेशनच्या मधून पट्टीच्या कडेने पुढे सरकायचं आणि भिंत आडवी आली की खाली उतरायचं.

म्हणून आतली खूण सापडली की आधी जमिनीवर लेव्हल ठेवून बघा, ट्रेलर कुठल्या बाजूला कलला आहे. मग खुणेपासून चढाच्या दिशेने मागे मागे जात वरचं प्रत्येक भोक संशयित धरा.

वर चढताना

छत जमिनीपासून १० ते ११ फूट उंच असतं. इथून पडलं तर हाडं मोडतात, तेव्हा एकट्याने चढू नका. दिवस कोरडा, वारा नसलेला निवडा. ट्रेलरला कंपनीनेच मागे शिडी बसवलेली असेल तर छत बहुधा माणसाचं वजन पेलणारं असतं. शिडी नसेल तर आधी मॅन्युअल बघा. काही हलक्या ट्रेलरच्या छतावर पाय ठेवायची मुभाच नसते, तिथे बाजूला शिडी लावून हात पोचेल तेवढंच करायचं.

वर उभं राहून चालू नका. २ फूट बाय ४ फूट प्लायचा तुकडा खाली टाकून गुडघ्यांवर सरका, म्हणजे वजन पसरतं. कडेपासून लांब राहा. पुढे पाय टाकण्याआधी हाताने दाबून बघा. छत गादीसारखं दबत असेल तर खालची प्लाय कुजली आहे, त्या बाजूला जाऊच नका.

आता एकेका भोकाशी बसा. घाई नको. सीलंटला केसाएवढी चीर आहे का? कडा सुटून वर आली आहे का? नखाने अलगद उचलून बघा, खाली मळाची काळी रेघ दिसली तर तिथून पाणी जा-ये करतं आहे. स्क्रूचं डोकं सीलंट फोडून वर आलंय का? प्लास्टिकची झाकणं उन्हाने ठिसूळ होतात, बोटाने टिचकी मारली तरी तडा जातो. मग सीलंट कितीही चांगलं असो, पाणी झाकणातूनच पडतं. कडांवरच्या लांब पट्टीत एक मऊ प्लास्टिकची फीत बसवलेली असते. ती जुनी झाली की आखडते आणि टोकाला दोन-तीन इंच उघडं पडतं. ती उपसली की खालचे स्क्रू दिसतात. गंजलेले निघाले तर त्या पट्टीखाली पाणी मुरतंय.

प्रत्येक जागेचा फोटो काढा. पुढच्या वर्षी ताडून बघायला हेच फोटो कामी येतात.

डोळ्यांना सापडलं नाही तर

पाइपने पाणी मारून बघायचं. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. आमच्याकडे मुलगी आत बसते, लहान मुलांचे डोळे आणि कान दोन्ही तीक्ष्ण असतात. पाइपला नोझल लावू नका, पाण्याचा जोर नको, पावसासारखं नुसतं वाहू द्या. सुरुवात खालून करा: आधी खिडकीची खालची कड, मग वरची, मग बाजूची पट्टी, मग छत. प्रत्येक जागी १० मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. फ्रिजच्या जाळीत किंवा हीटरच्या धुराड्यात खालून वर पाणी मारू नका. त्या जागा वरून पडणाऱ्या पावसासाठी केलेल्या असतात, खालून मारलेलं पाणी सरळ आत जातं.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. ट्रेलरच्या आत हवेचा हलका दाब करायचा आणि बाहेरून साबणाचं पाणी शिंपडायचं. चीर असेल तिथे बुडबुडे येतात, सायकलच्या पंक्चरसारखेच. सर्व्हिस सेंटरमध्ये यासाठी खास यंत्र असतं. घरी एका व्हेंटमध्ये आत हवा ढकलणारा पंखा बसवून भोवती टेपने बंद केला तरी काम होतं. त्याआधी गॅसची टाकी बंद, सगळ्या ज्योती विझलेल्या, खिडक्या लावलेल्या आणि सिंक-शॉवरच्या नळीत एकेक कप पाणी ओतलेलं, म्हणजे तिथून हवा निसटत नाही. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा आणि प्रत्येक जोडावर मारत जा. एका अँटेनाच्या बुडाशी बारीक फेसाचं कडं उमटताना बघितलं की सगळे अंदाज एका क्षणात संपतात.

सामान

आधी छत कशाचं आहे ते ओळखा. मॅन्युअल नसेल तर आतून व्हेंटची चौकट सोडवा, चादरीची कापलेली कड दिसते. खालची बाजू काळी असेल तर बहुधा ईपीडीएम, म्हणजे रबर. असं रबर जुनं झालं की हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागते आणि ट्रेलरच्या अंगावर पांढरे ओघळ येतात. काळी नसेल, भुकटीही लागत नसेल, तर टीपीओ किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकची चादर असू शकते. फायबरग्लास आणि अ‍ॅल्युमिनियम तर वाजवूनच कळतात.

सपाट छतासाठी सेल्फ लेव्हलिंग लॅप सीलंट लागतं. इथे डायकॉर कंपनीचं जास्त चालतं. ते ओतलं की आपोआप पसरून सपाट होतं. उभ्या किंवा उतरत्या जागेसाठी नॉन-सॅग, म्हणजे न ओघळणारं घ्या, नाहीतर सगळं ओघळून भिंतीवर येईल. नळीवर तुमच्या छताचं नाव आहे का ते वाचूनच घ्या. व्हेंटच्या चौकटीखाली घालायला ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट पट्टी), लांब जोडांसाठी ४ इंची इटर्नाबाँड टेप, रबरी रोलर, कॉकिंग गन (नळीतलं सीलंट दाबून काढायची बंदूक), प्लास्टिकची पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भरपूर जुनी फडकी. पेट्रोल किंवा रॉकेलच्या जातीचा कुठलाही द्रव रबरी छताला लावू नका. रबर फुगतं आणि खालच्या प्लायपासून सुटतं.

आणि सिलिकॉन नको. बाथरूमसाठी मिळतं ते साधं सिलिकॉन रबरी छतावर टिकत नाही, काही महिन्यांत सालासारखं सुटतं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर पुढे चांगलं सीलंटही धरत नाही. आमच्या अँटेनाभोवती आधीच्या मालकाने तेच थापलं होतं. ते खरवडून, पुसून, पुन्हा खरवडून काढण्यात माझा एक अख्खा शनिवार गेला.

सीलंट भरणं

हवा किमान ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सियस हवी आणि पुढचे एक-दोन दिवस पाऊस नको. छत कोमट असेल तर उत्तमच. सीलंटच्या नळ्या थंडीत घट्ट होतात, तासभर आधी घरात आणून ठेवा.

जुनं सगळंच उपटायची गरज नसते. जे घट्ट धरून आहे ते राहू द्या, स्वच्छ पुसलं की त्याच जातीचं नवं सीलंट त्यावर धरतं. सुटलेलं, चिरलेलं मात्र मुळापासून काढा. प्लास्टिकची पट्टी चपटी धरून ढकला, लोखंडी पातं वापरू नका, एका झटक्यात चादर कापली जाते. निघत नसेल तर हीट गन लांबून, हलक्या हाताने फिरवा.

मग साफसफाई, आणि माझ्या मते निम्मं काम हेच. आधी साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग फडक्यावर अल्कोहोल घेऊन पुसा. फडकं मळलं की बदला. पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत पुसत राहा. रबरी छतावर थोडी खडूची भुकटी येतच राहते, ती कमी झाली की थांबा. सैल स्क्रू हाताने घट्ट करा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर खालचं लाकूड गेलंय, तिथे वरून सीलंट ओतून उपयोग नाही.

झाकण किंवा चौकट बदलायची असेल तर जुनी काढून, खाली नवी ब्यूटाइल टेप घालून नवी बसवा. व्हेंटचं भोक जवळजवळ सगळीकडे १४ बाय १४ इंची असतं, त्यामुळे नवी चौकट सहज मिळते. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. टेप चारी बाजूंनी जराशी बाहेर डोकावली की बरोबर बसली.

आता नळीचं तोंड तिरकं कापा आणि कडेने सावकाश, न थांबता धार सोडत जा. सीलंट अर्धं चौकटीवर, अर्धं चादरीवर यायला हवं. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर वेगळा थेंब, डोकं पूर्ण झाकेल इतका. एका व्हेंटला पूर्ण नवं करायचं तर एक नळी धरून चला. बोटाने सारवू नका, ते आपणच पसरतं. थोड्या वेळात वर साय धरते, तोवर धूळ आणि मांजर दोन्ही लांब ठेवा. आतपर्यंत पक्कं व्हायला काही आठवडे लागतात, पण वर साय पक्की धरली की पाऊस चालतो.

पुढच्या-मागच्या लांब जोडांना मी टेप लावतो. ती एकदा चिकटली की निघत नाही, वाकडी बसली तर वाकडीच राहते. म्हणून आधी कोरडी अंथरून मापं घ्या, पेन्सिलने रेघ मारा, टोकं गोल कापा. पाठचा कागद एकदम न काढता फूट-फूटभर सोडवत जा, मागून दुसऱ्या माणसाने रोलर दाबत यावं. मध्यापासून कडांकडे, जोर लावून. खाली सीलंटचा उंचवटा असेल तर टेप तिथे पोकळ राहते, तो आधी सपाट करा.

एसीचं मात्र वेगळं आहे. त्याच्या बाहेरच्या कडेभोवती सीलंट भरू नका. एसीत जमलेलं पाणी तिथूनच छतावर निघून जातं. वाट बंद केली तर ते आत येईल. एसीखाली फोमचं गॅस्केट असतं आणि आतून चार बोल्ट त्याला दाबून धरतात. काही वर्षांनी ते दबून सैल पडतं. वीज बंद करून आतलं झाकण काढा आणि चारही बोल्ट पाव-पाव फेरा असे समान आवळा. गॅस्केट चपटं होऊन कडक झालं असेल तर नवं टाका. गळती फक्त एसी चालू असताना होत असेल तर ती पावसाची नाही, पाणी जायची वाट तुंबली आहे.

कपाळावरचे छोटे पिवळे दिवे आणि मागचे लाल दिवे विसरू नका. पुढच्या भिंतीतली बरीच ओल त्यांच्या मागून येते. सोडवा, ब्यूटाइल घाला, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सीलंट लावा. खालची कड मोकळी ठेवा, आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं.

मध्येच पाऊस आला आणि काम अर्धं राहिलं तर निळी ताडपत्री एक-दोन दिवस चालेल. हिवाळाभर बांधून ठेवू नका. वाऱ्याने फडफडून ती चादर घासते आणि खाली ओल कोंडून ठेवते.

वाळवणं

भोक बुजलं म्हणजे काम झालं असं नाही. आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला हवं. कपाटं रिकामी करा, गाद्या उचला, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) आणि पंखा लावा आणि दर आठवड्याला त्याच टेपच्या खुणांवर ओल मोजा. आकडा उतरत नसेल किंवा पावसानंतर पुन्हा चढत असेल तर एखादं भोक अजून राहिलं आहे. हाताला मऊ लागणारी प्लाय वाळली तरी तिला जीव येत नाही, ती कापून बदलावीच लागते. बाहेरच्या फायबरग्लासच्या भिंतीला मोठे फुगे आले असतील तर थर एकमेकांपासून सुटले आहेत आणि ते घरचं काम नाही. जुना ट्रेलर घेताना असे फुगे दिसले तर मी तो सौदा सोडून देईन, किंमत कितीही चांगली असो. हळूहळू झालेल्या गळतीचे पैसे बहुतेक विमा पॉलिसी देत नाहीत.

आमच्या कपाटाचा आकडा सुरुवातीला २६ होता. अँटेनाचं बूड सील केल्यावर तो १३ वर यायला सात आठवडे लागले. त्यानंतर आणखी दोन चांगले पाऊस होऊ दिले, पुन्हा मोजलं, आणि मगच मागची नवी प्लाय ठोकली.